सहा दिवसांचे अर्पण



रविवारच्या मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थना संपल्या की अर्पणविधी सुरू होतो. आपण बाकावर बसतो. गायनवृंद गीत धरतो, दानाची पिशवी फिरू लागते, कुणी पाकीट उघडतो, कुणी मुलाच्या हातात नाणे ठेवतो. एखादे कुटुंब भाकर आणि द्राक्षारस घेऊन वेदीकडे चालत जाते. चार-पाच मिनिटांत सारे आटोपते. प्रवचन संपले आहे, मुख्य भाग अजून यायचा आहे, तेव्हा जरा टेकायला मिळालेली ही वेळ, असेच आपल्यापैकी अनेकांना वाटते.

परंतु वेदीवर काय ठेवले गेले याकडे लक्ष द्या. गव्हाच्या लोंब्या नव्हेत, भाकर. द्राक्षांचे घड नव्हेत, द्राक्षारस. गहू देवाने दिला. पण तो पेरला, कापला, झोडपला, दळला, मळला आणि भाजला माणसाने. द्राक्षवेलीची छाटणी, तोडणी, रस काढणे आणि मुरवणे हेही माणसाचेच काम. म्हणून धर्मगुरू भाकर उचलून देवाची स्तुती करतात, तेव्हा त्या प्रार्थनेत भूमीच्या देणगीबरोबर माणसाच्या हातांच्या श्रमाचाही उल्लेख असतो. श्रम नसते तर वेदीवर ठेवायला काहीच नसते. जे प्रभूचे शरीर होणार आहे, ते आधी कुणाचे तरी काम होते.

मग सोमवार ते शनिवार आपण जे करतो ते काय आहे? वाडीत पाणी सोडणे, जाळे विणणे, पहाटेची लोकल पकडून दादरला फुले नेणे, बँकेत काउंटर सांभाळणे, रुग्णांच्या जखमा धुणे, चुलीपाशी उभे राहणे, हे सारे देवाच्या उपासनेचा भाग आहे की उपासनेच्या आड येणारी गोष्ट? "कामाच्या रगाड्यात देवासाठी वेळच मिळत नाही," असे आपण नेहमी म्हणतो. ही खंत प्रामाणिक असते. पण तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे: काम म्हणजे देवाच्या वाट्याचा, पण दुसरीकडे गेलेला वेळ. ही समजूत पवित्र शास्त्राला धरून आहे का, हे या पाठात पाहू या.

१. एदेन बागेतील पहिले काम

श्रम ही पापाची शिक्षा आहे, असे पुष्कळांना वाटते. उत्पत्तीचे पुस्तक नीट वाचले तर तसे दिसत नाही. देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). पाप त्यानंतर, तिसऱ्या अध्यायात येते. पापामुळे काम आले नाही. कामात काटेकुसळे, घाम आणि फसवणूक आली. काम मुळात देवाच्या मनातले आहे. तो स्वतःच पहिल्या पानावर सहा दिवस काम करताना दिसतो.

येथे हिब्रू भाषेतील दोन शब्द फार बोलके आहेत. 'मशागत करणे' यासाठी मूळ शब्द आहे 'अवाद' आणि 'राखणे' यासाठी 'शमार'. पुढे गणना या पुस्तकात लेवी लोकांना निवासमंडपाची सेवा सोपवली जाते, तेव्हा नेमके हेच दोन शब्द पुन्हा जोडीने येतात (गणना ३:७-८). बागेतला माळी आणि मंदिरातला सेवक, दोघांच्या कामाला एकच शब्द! 'अवाद'पासून झालेल्या 'अवोदा' या शब्दाचा अर्थ काम असाही होतो आणि उपासना असाही होतो. इस्राएली माणसाला या दोहोंसाठी वेगवेगळे शब्द शोधावे लागले नाहीत.

निवासमंडप उभारायची वेळ आली तेव्हा देवाने बसालेल नावाच्या कारागिराला बोलावले आणि त्याला आपल्या आत्म्याने भरले (निर्गम ३१:१-५). कशासाठी? भविष्य सांगण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्ने पैलू पाडून बसवण्यासाठी आणि लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. पवित्र आत्म्याचे दान हे केवळ प्रार्थनासभेत मिळते असे नाही. सुताराच्या पटाशीत आणि सोनाराच्या चिमट्यातही ते उतरू शकते.

बेनसिराच्या पुस्तकात (३८:२४-३४) शेतकरी, लोहार, कुंभार अशा लोकांचे जिवंत चित्र आहे. बैलांमागे चालणारा शेतकरी आपले सरळ तास कसे पडतील याच काळजीत असतो. भट्टीच्या धगीने लोहाराची कातडी भाजते. कुंभार पायाने चाक फिरवत असतो आणि भट्टी नीट साफ व्हावी म्हणून रात्री जागतो. या लोकांना कुणी सभेत मानाचे आसन देत नाही. पण त्यांच्यावाचून कोणतेही नगर वसू शकत नाही, असे हा ज्ञानी लेखक सांगतो. आणि शेवटी म्हणतो की त्यांचा व्यवसाय हीच त्यांची प्रार्थना असते. मराठी माणसाला हे चित्र परके वाटू नये. मळ्यात राबणारे संत सावता माळी आणि चिखल तुडवणारे संत गोरा कुंभार यांची आठवण आपल्या मातीत आजही ताजी आहे.

२. नाझरेथची तीस वर्षे

प्रभू येशूने आपल्या कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता (लूक ३:२३). त्याआधीच्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ काहीच सांगत नाहीत. पण गावकऱ्यांच्या तोंडून एक गोष्ट कळते. सभास्थानात त्याचे बोलणे ऐकून ते चकित होतात आणि विचारतात की, हा तो सुतारच ना? (मार्क ६:३). मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन' हा लाकूडकाम आणि बांधकाम करणाऱ्या कारागिराला लावला जात असे. म्हणजे देवाच्या पुत्राची गावात ओळख होती ती त्याच्या कामावरून.

आता यार्देन नदीकाठी या. येशू बाप्तिस्मा घेतो आणि आकाशातून पित्याची वाणी होते: या पुत्राविषयी तो संतुष्ट आहे (मार्क १:११). त्या क्षणापर्यंत येशूने एकही चमत्कार केलेला नव्हता. डोंगरावरचे प्रवचन झालेले नव्हते. एकही रोगी बरा झालेला नव्हता. मग पिता कशावर संतुष्ट होता? आपल्या लाडक्या पुत्रावर. आणि त्या पुत्राच्या आयुष्याची बहुतेक वर्षे घर, सभास्थान आणि कामाची जागा यांतच गेली होती. घरी राबणाऱ्या प्रत्येक मातेने आणि पाळीवर जाणाऱ्या प्रत्येक कामगाराने ही गोष्ट मनात जपून ठेवावी.

ज्यांच्या हाताखाली येशू हे काम शिकला त्या संत योसेफांचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. ते बोलत नाहीत. झोपेतून उठतात आणि सांगितलेले करतात. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा कामगार संत योसेफांचा सण म्हणून जाहीर केला. जगभर कामगार दिन पाळला जातो त्याच दिवशी ख्रिस्तसभा एका सुताराचा सन्मान करते.

संत पौलाचेही असेच. करिंथ शहरात तो अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहिला, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच होता, तंबू तयार करण्याचा (प्रेषितांची कृत्ये १८:३). कुणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस राबलो, याची आठवण तो थेस्सलनीकाकरांना करून देतो (१ थेस्सल २:९). कलस्सैकरांस लिहिताना तर तो थेट गुलामांना सांगतो की, तुम्ही जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा (कलस्सै ३:२२-२४). ज्यांच्या श्रमाला दाम नव्हता आणि नावही नव्हते, त्यांच्या श्रमाचा खरा धनी कोण हे तो त्यांना सांगत होता.

३. मदुराईला निघालेली मने

काम अर्पण करायचे म्हणजे नेमके काय करायचे? याचे एक सोपे उत्तर १८४४ साली फ्रान्समध्ये मिळाले आणि त्याचा धागा आपल्या देशाशी जुळलेला आहे.

दक्षिण फ्रान्समधील वाल्स या गावी येशूसंघाचे तरुण विद्यार्थी धर्मगुरुपदासाठी शिकत होते. भारतातील मदुराई मिशनकडून येणाऱ्या वार्तांनी त्यांची मने पेटली होती. कधी एकदा जहाजात बसतो असे त्यांना झाले होते. पुस्तके नीरस वाटू लागली, व्याकरण आणि तत्त्वज्ञान निरर्थक वाटू लागले. ३ डिसेंबर १८४४ रोजी, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला, त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर फ्रांस्वा-झेवियर गोत्रले यांनी त्यांची समजूत काढली. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा: मिशनरी व्हायला थांबायची गरज नाही. आजचा अभ्यास, आजचे किरकोळ काम, आजचा त्रास ख्रिस्ताच्या अर्पणाशी जोडा. मदुराईत राबणाऱ्यांना त्याचा आधार मिळेल.

यातूनच 'प्रार्थनेची प्रेषिती' ही चळवळ जन्माला आली. ती आज 'पोप महोदयांचे जागतिक प्रार्थना जाळे' या नावाने चालते. आपल्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी अंथरुणातून उठताच म्हटलेली 'सकाळची अर्पण प्रार्थना' हे या चळवळीचेच दान. दिवसभरातील काम, प्रार्थना, आनंद आणि दुःख हे सारे जगभर चाललेल्या मिस्साबलीशी जोडायचे, एवढाच तिचा आशय.

एकशेवीस वर्षांनंतर, १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (क्र. ३४) हीच गोष्ट सर्व प्रापंचिकांसाठी मांडली. स्नानसंस्काराने आपण ख्रिस्ताच्या याजकपणात सहभागी झालो आहोत. म्हणून आपले काम, आपला संसार, रोजचे श्रम, मनाचा व शरीराचा विसावा, इतकेच नव्हे तर धीराने सोसलेले कष्ट, हे सारे पवित्र आत्म्यात केले तर आध्यात्मिक यज्ञ होतात आणि मिस्सामध्ये प्रभूच्या शरीराबरोबर पित्याला अर्पण केले जातात. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्याच परिषदेने आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात (क्र. ४३) इशाराही दिला: श्रद्धा एका बाजूला आणि रोजचे जीवन दुसऱ्या बाजूला, ही फाळणी आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक आहे.

आपण वापरतो तो 'मिस्सा' हा शब्दच आपल्याला ही आठवण देतो. लॅटिन मिस्साच्या अखेरीस लोकांना निरोप देताना उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांतून तो आला आहे. त्यात 'पाठवणे' हा भाव आहे. मिस्सा संपतो तो आपल्याला पाठवून. कुठे? सोमवारी सकाळी आपण जिथे जातो तिथेच.

४. नीट केलेले काम

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कामाच्या जागी देव्हारा मांडला, टेबलावर क्रूस ठेवला, कामाआधी क्रुसाची खूण केली की काम उपासना होते, असे नाही. या खुणा चांगल्या आहेत, पण त्या कामाची जागा घेऊ शकत नाहीत. जुन्या करारात देवाला अर्पण करायचे कोकरू निर्दोष असावे लागे. लंगडे, आंधळे जनावर वेदीवर चालत नसे (मलाखी १:८). कामालाही हाच नियम लागू आहे.

माद्रिदजवळच्या शेतात राबणारे संत इसिदोर (मृत्यू ११३० च्या सुमारास) हे दुसऱ्याच्या शेतावरचे साधे मजूर होते. त्यांच्याविषयीची कथा सर्वत्र सांगितली जाते. इसिदोर रोज सकाळी मिस्साला जातो आणि उशिरा नांगर धरतो, अशी तक्रार इतर मजुरांनी मालकाकडे केली. मालक स्वतः पाहायला आला, तर त्याला देवदूत नांगर हाकताना दिसले. कथेतील देवदूत बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते: मालकाने शेत तपासले आणि नांगरट कमी पडलेली नव्हती. प्रार्थनेचे निमित्त सांगून इसिदोरांनी काम बुडवले नाही. १२ मार्च १६२२ रोजी संत इग्नाती लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, आविलाची संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी यांच्याबरोबर या शेतमजुरालाही संतपद जाहीर झाले. संस्थापक, मिशनरी आणि धर्मपंडिता यांच्या रांगेत नांगरधारी माणूस!

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी मठातील कोठार सांभाळणाऱ्या बंधूला नियम घालून दिला की, मठातील भांडी आणि अवजारे त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखीच मानावीत. विळा, कुदळ, कढई यांना चषकाचा मान! सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू अनेक वर्षे स्वयंपाकघरात राबले आणि पुढे चपला दुरुस्त करण्याच्या कामावर होते. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाशी तितकेच जवळ असतो जितके साक्रामेंतापुढे गुडघे टेकताना, असा त्यांचा अनुभव होता.

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे जपानमध्ये व्यापारही करीत होते. त्या देशात वावरताना आत्मसात केलेली जपानी भाषा पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर सुवार्तेसाठी दुभाषा म्हणून कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिला आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. तेथे शिकलेली भाषा देवाने वाया जाऊ दिली नाही.

५. जे वेदीवर ठेवता येत नाही

आता या पाठाचा सर्वांत कठीण भाग. काम अर्पण करता येते हे खरे असेल, तर काही काम अर्पण करता येत नाही हेही तितकेच खरे आहे.

बार्तोलोमे दे लास कासास हे स्पेनमधील सेव्हिल शहरातले. १५०२ साली ते अमेरिकेच्या बेटांवर गेले, पुढे धर्मगुरू झाले. स्पेनच्या राज्यव्यवस्थेने क्युबा बेटावर त्यांना जमीन आणि तिच्यावर राबायला तेथील मूळ रहिवासी नेमून दिले होते. त्या लोकांना मजुरी नव्हती आणि सुटकाही नव्हती. शेती, खाणकाम आणि धर्मगुरुपद, तिन्ही एकत्र चालले होते. १५१४ साली पेंटेकॉस्ट सणाचे प्रवचन तयार करताना बेनसिराच्या चौतिसाव्या अध्यायातील उतारा त्यांच्यासमोर आला. गरिबांच्या मालमत्तेतून आणलेले अर्पण देवाला कसे वाटते आणि मजुराची मजुरी अडवणारा कोणत्या पापाचा धनी होतो, हे तेथे इतक्या कठोर शब्दांत लिहिले आहे की वाचणाऱ्याचा थरकाप व्हावा. लास कासास त्या ओळींपाशी थांबले. आपण वेदीवर कोणाच्या घामातून आलेली भाकर उचलतो आहोत, हा प्रश्न त्यांना टाळता येईना. त्या वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाला, त्यांनी भर प्रवचनात आपल्याकडचे लोक सोडून देत असल्याचे जाहीर केले. १५६६ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या लोकांच्या हक्कांसाठी झगडत राहिले. त्यांच्या हातूनही चुका झाल्या. आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या सूचनेला त्यांनी एकेकाळी पाठिंबा दिला आणि पुढे त्याचा तीव्र पश्चात्ताप लिहून ठेवला. पण वेदी आणि शेत यांच्यामध्ये भिंत नाही, हे त्यांना पवित्र शास्त्रातूनच कळले.

ही गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीच्या दूरच्या बेटाची आहे. तिच्यातला प्रश्न मात्र आपल्या दारातला आहे. आपल्या वाडीत खुरपणीला येणाऱ्या आदिवासी भगिनीला तिची मजुरी त्याच दिवशी मिळते का? घर बांधताना गवंड्याला "पुढच्या आठवड्यात बघू" असे आपण किती आठवडे सांगतो? घरकाम करणाऱ्या बाईला आजारपणात एक दिवसाची पगारी रजा देतो का? गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, असा नियमशास्त्राचा आदेश आहे (अनुवाद २४:१४-१५). अडवून ठेवलेली मजुरीच देवापाशी ओरड करते, असे संत याकोब लिहितो (याकोब ५:४). दुधात मिसळलेले पाणी, काट्याखाली चिकटवलेला चुंबक, वरच्या थरात ताजी आणि खाली नासकी भाजी, फाइल हलवण्यासाठी घेतलेले पाकीट, हजेरी लावून केलेली कामचुकारी यांतले काहीही भाकरीबरोबर तबकात ठेवता येणार नाही. खोटी वजने व मापे यांचा परमेश्वराला वीट आहे, हे बायबल वारंवार सांगते.

प्रभू येशूने सांगितले की, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून ये (मत्तय ५:२३-२४). तो 'भाऊ' हा आपला मजूर, गिऱ्हाईक किंवा भागीदारही असू शकतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला, "सोस, देवाला अर्पण कर, तक्रार करू नकोस," असे सांगण्यासाठी ही शिकवण नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर विश्वपत्र लिहून न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मान्य केला. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरील आपल्या विश्वपत्रात शिकवले की, कामाचे मोल मुख्यतः ते काम कोणते आहे यावर नसते; ते करणारा माणूस आहे यावर असते. तरुणपणी त्यांनी स्वतः पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात काम केले होते. गटार साफ करणारा आणि वातानुकूलित कचेरीत बसणारा, दोघांच्या श्रमाची प्रतिष्ठा एकच. म्हणून आपल्या घरात एखाद्या कामाला 'हलके' म्हणताना जिभेला आवर घालू या.

६. मग रविवार कशाला?

"काम हीच पूजा असेल तर चर्चला कशाला यायचे?" असेही कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. अर्पण गोळा केले पण वेदीपर्यंत आणलेच नाही, तर ते अर्पण होत नाही. सहा दिवस आपण भाकर भाजतो; सातव्या दिवशी ती उचलली जाते आणि ख्रिस्त तिला आपली करतो. मिस्सा नसेल तर काम हळूहळू स्वतःच देव होऊन बसते. मग ओव्हरटाइम, दुसरा धंदा, तिसरे दुकान, आणि मुलांशी बोलायला वेळ नाही. विसाव्याची आज्ञा देताना देवाने मुलगा, मुलगी, दासदासी, गुरेढोरे आणि परका यांचीही नावे घेतली (निर्गम २०:१०). आपण विसावा घेताना आपल्यासाठी राबणाऱ्यांनाही तो मिळतो का, हे पाहणे उपासनेचाच भाग आहे. ज्यांना रुग्णालयात, रेल्वेत किंवा पोलीस खात्यात रविवारी कामावर जावेच लागते, त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साचा लाभ घ्यावा.

ज्यांच्या हाताला काम नाही, त्यांनी या पाठाने खिन्न होऊ नये. नोकरीच्या शोधात उंबरे झिजवणारा तरुण, निवृत्त आजोबा, अंथरुणाला खिळलेली आजी यांचेही अर्पण आहे. विश्वपरिषदेने धीराने सोसलेल्या कष्टांचा उल्लेख केला आहे तो त्यांच्यासाठीच. आजीची जपमाळ आणि नातवासाठी निवडलेली भाजी, दोन्ही देव सारख्याच प्रेमाने घेतो. मात्र तरुणाला काम मिळवून देण्यासाठी शब्द टाकणे हे ज्याला शक्य आहे, त्याने तेवढे जरूर करावे.

७. या आठवड्यात काय करावे?

(अ) सकाळी अंथरुणातून उठताच अर्धा मिनिट दिवसाचे अर्पण करा. त्या दिवसाच्या एका ठरावीक कामाचे नाव घ्या: "प्रभो, आजचे हे बिल तयार करणे तुझ्यासाठी."

(आ) ते काम एखाद्या गरजवंतासाठी अर्पण करा, जसे वाल्सच्या विद्यार्थ्यांनी मदुराईसाठी केले.

(इ) रात्री संत इग्नाती यांनी शिकवल्याप्रमाणे दिवसाकडे मागे वळून पाहा. आज माझ्या हातून काय नीट झाले? काय वेदीवर ठेवायला लाज वाटेल? जे चुकले त्याची क्षमा मागा आणि भरपाई शक्य असेल तर उद्याच करा.

(ई) कुणाची मजुरी, उसने किंवा हिशेब राहिला असेल तर येत्या रविवारच्या आधी चुकता करा.

(उ) रविवारी अर्पणविधीच्या वेळी पाकीट बंद केल्यावर डोळेही क्षणभर मिटा आणि आठवड्यातील एक काम भाकरीच्या तबकात ठेवा.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात कोणते काम सर्वांत कमी मानाचे समजले जाते? ते कोण करते?
२. आपल्या धंद्यात किंवा नोकरीत 'सगळेच करतात' म्हणून आपण काय चालवून घेतो?
३. बेनसिरा ३८:२४-३४ हा उतारा मोठ्याने वाचा. त्यात आज आपल्या गावातील कोणत्या कामकऱ्यांची भर घालाल?

समारोपाची प्रार्थना

हे प्रभू येशू, तू नाझरेथमध्ये हातांनी राबलास. आमच्या हातांना पडलेले घट्टे तुला ठाऊक आहेत. आमचे काम नीट, खरे आणि न्यायाचे व्हावे म्हणून आम्हांला तुझा आत्मा दे. ज्यांच्या श्रमावर आमचे घर चालते, त्यांचे देणे आमच्याकडे राहू देऊ नकोस. ज्यांना काम नाही त्यांना काम दे, जे थकले आहेत त्यांना विसावा दे. आणि रविवारी आम्ही तुझ्या वेदीपाशी येऊ, तेव्हा आमचे सहा दिवस तुझ्या अर्पणात सामावून घे. आमेन.